अंगठेबहाद्दर

टोलेडोत मार्च म्हणजे अजून थंडीच.
युनिव्हर्सिटीच्या बंदिस्त मैदानात, प्लास्टिकच्या गवतावर
गुडघे टेकून मी लेझरची तिपाई लावते,
लेव्हलमधला बुडबुडा मधोमध आणते.

चाळीस यार्ड.
आपले साडेछत्तीस मीटर आणि वर चार बोटं.
तेवढ्यात एखाद्या पोराचं आयुष्य
इकडचं तिकडे होतं.

शेवटच्या रेषेवर बावीस माणसं,
टोपीवर आपापल्या संघाचं चिन्ह, मुठीत घड्याळ.
यंत्र आहे, पण विश्वास अंगठ्यावर.
ज्यांना सही येत नसे त्यांना आमच्याकडे
अंगठेबहाद्दर म्हणत.
त्या बिचाऱ्यांची माफी मागून
शब्द इथे वापरते.

आधी पळाला जार्व्हियन पेटवे, यंगस्टाउनचा. काळा.
यंत्र म्हणालं, चार पॉइंट एक्कावन्न.
अंगठे म्हणाले, त्रेचाळीस, चव्वेचाळीस,
कोणी तर बेचाळीस, आणि शीळ घातली.

मग कोल्टन ब्रुबेकर. गोरा, मक्याच्या मुलखातला.
यंत्र म्हणालं, चार पॉइंट एक्कावन्न.
अंगठे म्हणाले, अठ्ठावन्न. साठ.

मी तारा पाहिल्या. बॅटरी पाहिली. बुडबुडा पाहिला.
मधोमध होता.
किरणाला कळत नाही
आपल्याला कापून गेली ती मांडी कोणाची.

केबल गुंडाळताना कागदांवर नजर गेली.
पेटवे : देवाने दिलेले पाय. कच्चा.
डोकं किती चालतं, पाहावं लागेल.
ब्रुबेकर : दिसतो त्यापेक्षा पळतो. कष्टाळू. खेळ वाचतो.

दिसतो त्यापेक्षा.
म्हणजे कोणाला?

सकाळी सातला हॉल उघडला तेव्हा
पेटवे एकटाच होता, टेपने पावलं मोजत,
प्रत्येक सुरुवात वहीत लिहीत,
डावं मनगट कुठे, हनुवटी कुठे.
ती वही एकाही कागदावर आली नाही.
आणि ब्रुबेकर बुटाची नाडी बांधताना हसत म्हणाला,
मला कोणी शिकवलं नाही, मॅडम.
आमच्याकडची डुकरं सुटली की
घरातला जो सापडेल तो पळतो.

एवढ्यावर थांबते तर बरं होतं.
राग हा छान उबदार असतो, मार्चात विशेष.

पण हॅलोरन म्हणून एक म्हातारा आहे, तो कॉफी देत म्हणाला,
तुमचं मोजमाप चुकायचं नाही,
तुम्ही लोक जन्मताच गणित घेऊन येता.
मी हसले. थँक्यू म्हणाले.
नववीत बीजगणितात मी दोनदा आपटले होते.

कराडच्या शाळेत शेवंता काळे होती,
नदीपलीकडच्या पालांतली.
ड्रिलचे सर म्हणायचे, ही पळणारच,
यांच्या रक्तातच आहे.
आम्ही टाळ्या वाजवायचो. कौतुक वाटायचं आम्हाला.
पहाटे वाळूत ती एकटी पळायची,
पायांना ओल्या पोत्याची चिंधी बांधून.
मी क्लासला जाताना पाहायचे.
कोणाला बोलले नाही.
जिल्ह्यात पहिली आली. पुढच्या वर्षी वर्गात नव्हती,
आणि तेही आम्हाला रक्तातलंच वाटलं.

माझं अक्षर चांगलं, म्हणून
सरांचं घड्याळ माझ्या हातात असायचं.
तिच्यासाठी बटण नेमकं कधी दाबायचे,
ती रेषेवर आल्यावर, की
ती येणारच म्हणून जरासं आधी,
आता सांगता येत नाही.

शिट्टी झाली. पुढचा मुलगा
रेषेवर वाकला, बोटं गवताला टेकून.
माझे हात कोटाच्या खिशात, रिकामे.
तो अजून हललाही नव्हता
आणि खिशात माझा अंगठा
खाली गेला.